पट्टा कुठल्या थरातला, ते पाहून कात्री चालवा

पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट आता बहुतेक घरांत असतं. ते वाढवायचं म्हणजे एक पान कापायचं, चार-चार बोटांचे तुकडे करायचे आणि वाळूत खोचून ठेवायचे, हेही सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. तुकड्यांना मुळं फुटतात, दोन-तीन महिन्यांनी शेजारून कोंब वर येतो आणि तो निघतो साधा हिरवा. पिवळ्या काठाचा मागमूस नसतो. मग माती चुकली, ऊन कमी पडलं, शेजारणीने दुसऱ्याच झाडाचं पान दिलं, असे तर्क सुरू होतात. इंदूरच्या विजयनगरात स्कीम ५४ पासून ७८ पर्यंत गच्चीवर, गॅलरीत कुंड्या लावणाऱ्यांची कमतरता नाही, आणि झाडांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो: पान बरोबर होतं, मातीही बरोबर होती, चुकली ती पद्धत. तो पिवळा काठ पान लावून पुढे जातच नाही.

कारण समजायला शेंड्याच्या आत डोकवावं लागेल. झाडाची सगळी नवी पानं शेंड्याच्या टोकावरच्या, टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक अशा जागेतून तयार होतात. तिथल्या पेशी घडीच्या पोळीला पदर सुटावेत तशा थरांत रचलेल्या असतात. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांसारख्या झाडांत असे तीन थर मानतात. सर्वांत वरच्या थरापासून पानाची आणि खोडाची त्वचा होते, दुसऱ्यापासून त्वचेखालचा भाग आणि पानाची कड, तिसऱ्यापासून गाभा आणि खोडाचं आतलं अंग. प्रत्येक थरातल्या पेशी बहुतेक वेळा आडव्याच वाढतात, आपला थर सोडत नाहीत. आता समजा, एखाद्या थरातल्या एका पेशीच्या जनुकात बदल झाला आणि तिला हरितद्रव्य बनवणं जमेनासं झालं. तिच्या लेकी-नातीही तशाच निघतात आणि हळूहळू तो अख्खा थर पांढरा किंवा पिवळा होतो. बाकीचे थर हिरवेच राहतात. एकाच झाडात दोन वेगळ्या आनुवंशिक घडणीच्या पेशी शेजारी शेजारी नांदू लागतात. अशा झाडाला कायमेरा म्हणतात. काठाचं स्नेक प्लांट, ज्याला नर्सरीत लॉरेंटी म्हणतात, ते असंच आहे.

पानाचा तुकडा लावला की नवा कोंब शेंड्यातून येत नाही, तो पानाच्या आतल्या हिरव्या पेशींतून नव्याने घडतो. बाहेरचा पिवळा थर त्यात येतच नाही, मग काठ कुठून येणार? याउलट कुंडीतल्या जाड मूलकांडातून जे मुनवे फुटतात, त्यांच्या शेंड्यात सगळे थर जसेच्या तसे असतात. म्हणून काठाचं स्नेक प्लांट वाढवायचं ते मुनवे वेगळे करूनच. कुंडी उपडी करा, मातीतलं पिवळट नारिंगी मूलकांड शोधा, मुनव्याला स्वतःची दोन-चार मुळं असतील अशा बेताने धारदार सुरीने ते तोडा, कापलेली जागा सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या आणि मग लावा. फेब्रुवारी-मार्च किंवा पहिला पाऊस पडून गेल्यावरचे दिवस याला चांगले. डिसेंबर-जानेवारीत माळव्याच्या रात्री गार असतात, तेव्हा मुळं धरायला फार वेळ लागतो आणि जखम कुजण्याची भीती असते.

या एका उदाहरणात जो नियम आहे, तो बाकी सगळ्या रंगीत झाडांना लावून पाहता येतो. रंग शेंड्याच्या थरांत बसलेला असेल, तर शेंडा किंवा डोळा अखंड ठेवणारी पद्धत वापरायची: फाटे लावणं, गुटी कलम, डोळा भरणं, मुनवे वेगळे करणं. पानातून किंवा मुळातून नवं झाड काढायला गेलात, की थर विस्कटतात.

मनी प्लांटचा डोळा

मनी प्लांटकडे जरा बारकाईने पाहू, कारण शिकायला यापेक्षा चांगलं झाड नाही. ही वेल आपल्याकडे फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. फूल नाही म्हणजे बी नाही. तरीही बाजारात तिचे इतके प्रकार दिसतात, ते जवळजवळ सगळे फांदीत झालेल्या बदलांतून आलेले आहेत. मार्बल क्वीन हा पांढऱ्या शिंतोड्यांचा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्यावर भारतातल्याच एका नर्सरीत पांढऱ्या-हिरव्या स्वच्छ ठिगळांची फांदी आपोआप निघाली, ती एन्जॉय नावाने जगभर गेली. फ्लोरिडा विद्यापीठाने मार्बल क्वीनलाच किरणोत्सार देऊन पर्ल्स अँड जेड हा लहान पानांचा प्रकार मिळवला. ज्या झाडात बियांची वाट बंद आहे, तिथे एकेका डोळ्याला किती महत्त्व असेल, हे यावरून लक्षात येईल.

वेल हातात घेतली की पानाकडे नका पाहू, खोडाकडे पाहा. प्रत्येक पेरावर पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो, त्याच्या बगलेत एक बारीक डोळा असतो. पेर कापून पाण्यात ठेवल्यावर जी नवी वेल फुटते, ती या डोळ्यातून. खोडावर पांढऱ्या रेषा असतात. त्यांतली एखादी रेषा नेमकी त्या डोळ्यातून जात असेल, म्हणजे डोळ्याचा अर्धा भाग हिरवा आणि अर्धा पिवळट पांढरा दिसत असेल, तर त्यातून येणारी वेल पट्टेदार येण्याची शक्यता सर्वांत जास्त. पान कितीही सुंदर पांढरं-हिरवं असलं, पण डोळ्याच्या बाजूचं खोड सगळं हिरवं असेल, तर पुढची वेल हिरवीच येईल. आणि डोळा पूर्ण पांढरा असेल तर येणारी पानंही पांढरीच, ती मुख्य वेलीच्या जिवावर काही दिवस जगतील, पण कापून वेगळी लावली की मरतील. हरितद्रव्य नसलेल्या पानाला स्वतःचं अन्न करता येत नाही.

म्हणून एकेका पेराचे तुकडे करताना डोळे आधी निवडून ठेवा. पेराच्या खाली बोटभर आणि वर अर्धा बोट खोड राहील असं कापा, ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. चीक हाताला खाजतो, म्हणून नंतर हात धुवा आणि लहान मुलांना, मांजरांना दूर ठेवा. पेरावर हवेतलं मूळ असेल तर उत्तम, ते पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये लवकर वाढतं.

आपल्याकडे अलीकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोटी रोपं द्यायची पद्धत पडली आहे, आणि प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा मला ती मनापासून आवडते. पण पुष्कळ जणी डिसेंबरच्या शेवटी कटिंगं करतात आणि जानेवारीच्या थंडीत ती अडून बसतात. ज्यांना पट्टेदार रोपं वाटायची आहेत त्यांनी जुलै ते सप्टेंबरमध्ये, हवेत ओल असताना कटिंगं लावावीत आणि दिवाळीपर्यंत प्रत्येक रोपाला निदान दोन नवी पानं येऊ द्यावीत. त्या दोन पानांवर पट्टा दिसला तरच ते रोप वाणाला काढावं. हिरवी निघालेली रोपं वाईट नसतात, जास्त जोमदार असतात. ती जिन्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात लावा.

हिरवी फांदी लगेच काढा

पांढऱ्या काठाची तगर, पट्टेदार जास्वंद, चित्रपर्णी फायकस यांच्यावर वर्षा-दोन वर्षांनी एखादी पूर्ण हिरवी फांदी दिसते. शेंड्यात हिरव्या थरातली एखादी पेशी शेजारच्या पांढऱ्या थरात घुसली, की तिथून पुढे ती फांदी हिरवी होते. पुष्कळ लोकांना वाटतं, झाड सुधारतंय, जोर धरतंय. ते खरंही असतं, आणि तेच संकट आहे. हिरव्या फांदीला जास्त अन्न मिळतं, ती भराभर वाढते आणि तिची सावली पट्टेदार फांद्यांवर पडू लागते. दोन पावसाळे लक्ष दिलं नाही, तर सगळं झाड हिरवं झालेलं दिसतं.

ही फांदी अर्धी छाटून उपयोग नाही. ती जिथून निघाली आहे तिथपर्यंत बोटाने माग काढत जा, खोडावर हिरवं कुठे सुरू झालं ते पाहा, आणि त्याच्या खालचा पहिला पट्टेदार डोळा ठेवून वरचं सगळं काढा. फांदी हाताएवढी जाड होण्याआधी हे करायचं. पूर्ण पांढरी फांदी आली तर तीही तेवढ्याच तत्परतेने काढावी. दिसायला ती मोहक असते, पण ती इतरांच्या कमाईवर जगते आणि पहिल्या उन्हाळ्यातच करपते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. कायमेरा झाडाचा गेलेला पट्टा ऊन देऊन, खत घालून, औषध मारून परत येत नाही. तो थरच त्या फांदीत उरलेला नसतो. याच्या उलट, क्रोटनचे आणि कुंपणाच्या सोनेरी दुरांट्याचे रंग प्रत्येक पेशीत असतात आणि ते उजेडावर अवलंबून असतात. यांपैकी कुठलं झाड सावलीत हिरवं पडलं तर कात्री लावू नका, उन्हात हलवा. नवी पानं रंग घेऊनच येतील. रेक्स बिगोनिया, कॅलेथिया, कॅलेडियम यांची नक्षीही झाडाच्या मूळ घडणीचा भाग आहे. म्हणून रेक्स बिगोनिया पानाच्या तुकड्यातून लावला तरी नक्षी तशीच येते, आणि स्नेक प्लांटचा काठ येत नाही. दोन्ही पानंच, पण रंगाचं घर वेगवेगळं.

बोगनवेलीचे दोन रंग

इंदूरच्या रस्त्यांच्या दुभाजकांवर उन्हाळ्यात जी फुलते, ती बहुतेक बोगनवेल. एकाच झाडावर पांढरे आणि किरमिजी असे दोन्ही रंग दिसले की लोक थांबून विचारतात, दोन झाडं एकत्र लावलीत का. ती मेरी पामर नावाची जात. कधी एक फांदी पूर्ण पांढरी, कधी एकाच गुच्छात दोन्ही, कधी तर एकाच रंगीत पानाचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा किरमिजी. बोगनवेलीचं फूल म्हणजे मधली बारीक नळी, भोवतीचा रंग पानांचाच असतो, आणि तो रंग असलेल्या-नसलेल्या पेशी त्या झाडात मिसळलेल्या आहेत. मेरी पामरवरच पिवळ्या-हिरव्या पानांची फांदी निघाली ती थिम्मा, आपल्या नर्सऱ्यांत सहज मिळते. मेरी पामरवरचीच निव्वळ पांढरी फांदी वेगळी करून शुभ्रा ही जात झाली.

म्हणजे या एका झाडाच्या फांद्यांतून आणखी दोन प्रकार घरोघरी गेले. तुम्हाला दोन्ही रंग टिकवायचे असतील तर कटिंग दोन्ही रंग दाखवणाऱ्या फांदीचंच घ्या. झाड फुलात असतानाच त्या फांद्यांना दोरा बांधून ठेवा, कारण छाटणीच्या वेळी पानांवरून रंग ओळखता येत नाही. पेन्सिलएवढ्या जाड, पिकलेल्या फांद्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावाव्यात. मोठ्या झाडावर एकाच रंगाच्या फांद्या वाढू लागल्या तर छाटणीत त्याच जास्त काढायच्या.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत बोगनवेलीच्या महारा आणि लॉस बानोस या जातींना गॅमा किरण देऊन चित्रपर्णी फांद्या मिळवल्या गेल्या आणि त्या महारा व्हेरिगेटा, लॉस बानोस व्हेरिगेटा म्हणून बागांत आल्या. शेवंतीवरही तिथे मोठं काम झालं. किरण दिल्यावर शेवंतीच्या फुलात एखादीच पाकळी वेगळ्या रंगाची निघते. प्रयोगशाळेत ती पाकळीच वाढवून तिच्यातून अख्खं रोप करता येतं. घरी हे शक्य नाही. तुमच्या शेवंतीत एखादं फूल अर्ध्या वेगळ्या रंगाचं आलं, तर ते फूल ज्या दांड्यावर आहे, त्याच दांड्यावरच्या, वेगळ्या रंगाच्या बाजूच्या डोळ्यांना फुटू द्या आणि त्यांची कटिंगं लावून पुढच्या हिवाळ्याची वाट पाहा. यश मिळेलच असं नाही, पण घरच्या घरी करण्याजोगा मार्ग एवढाच.

गुलाबाचा रंग बदलला, म्हणजे बहुधा गुलाबच बदलला

"लाल गुलाब आणला होता, आता बारीक गुलाबी-पांढरी फुलं येतात," ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. गुलाबात फांदी बदलून नवा रंग येतो, हे खरं आहे. पुष्कळ नावाजलेल्या जाती तशाच मिळाल्या आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने किस ऑफ फायर या गुलाबापासून कृत्रिम उत्परिवर्तनाने पट्टेदार पाकळ्यांची अभिसारिका तयार केली. पण कुंडीतल्या झाडात असं झालं असेल, तर बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. नर्सरीतला गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. खुंटाचा कोंब जोमाने येतो, डोळा भरलेला भाग उन्हाने किंवा पाण्याने मरतो, आणि उरतो तो खुंट.

पानाला पाच पर्णिका म्हणजे कलमी आणि सात म्हणजे जंगली, असं सांगतात, त्यावर विसंबू नका. कलमी गुलाबालाही सात येतात. माती बाजूला करून डोळा भरलेल्या जागेची गाठ शोधा. कोंब गाठीच्या खालून निघाला असेल तर तो खुंटाचा. त्याला कात्रीने कापू नका, खाली ओढून मुळापासून उपटा, नाहीतर तिथून चार फुटतात. कलमी अॅडेनियम आणि कलमी जास्वंद यांनाही हेच लागू. कुंडीत लावताना गाठ मातीच्या वर राहील एवढं पाहिलं तर हा त्रास बराचसा टळतो.

प्रत्येक पिवळं पान म्हणजे नक्षी नव्हे

पानावर रंग दिसला की आनंद होण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. कायमेराचा पट्टा पान उमलतानाच असतो, त्याची सीमा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते आणि पान निरोगी, सपाट असतं. विषाणूचा पिवळेपणा धूसर असतो, पान चुरगळतं, शिरा पिवळ्या पडतात, नवीन वाढ खुरटते आणि काही आठवड्यांत शेजारच्या कुंडीतही तेच दिसू लागतं. भेंडीचा पिवळ्या शिरांचा रोग ज्यांनी परसात पाहिला आहे, त्यांना हे चटकन ओळखता येईल. तो पांढरी माशी पसरवते. कर्दळीच्या पानांवर अशा पिवळ्या रेघा आल्या तर त्या सुंदर मानून कंद वाटू नका, ते झाड काढून टाका. काही विषाणूंनी झालेली नक्षी बागकामात मुद्दाम जपलीही जाते. अॅब्युटिलॉनची एक पिवळ्या ठिपक्यांची जात त्याचं जुनं उदाहरण. घरच्या बागेत मात्र हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. माळव्याची काळी माती कसदार आहे, पण चुनखडी जास्त असलेल्या अशा मातीत लोह झाडाला मिळत नाही. विजयनगरात पुष्कळ ठिकाणी कुंड्यांना बोअरचं जड पाणी घालतात, त्याने हे आणखी वाढतं. नव्या पानाचा पृष्ठभाग पिवळा आणि शिरा जाळीसारख्या हिरव्या दिसल्या की ते लोह कमी पडल्याचं लक्षण. मोगरा, अनंत, जास्वंद, गुलाब, एक्झोरा यांत ते पटकन दिसतं. जुनी पानं खालून पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम किंवा नत्राकडे पाहा. लोहासाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. मातीत द्यायचं असेल तर चुनखडीच्या मातीत टिकणारं चिलेट मागा, दुकानदाराला ईडीडीएचए सांगितलं की समजतं. साधं ईडीटीए इथल्या मातीत लवकर निकामी होतं.

कुंडीत निव्वळ काळी माती भरूच नये. ती ओली असताना चिकटते, सुकली की भेगा पडतात. एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा कोकोपीट पुरे. कुजलेल्या खतासाठी इंदूरकरांना बाहेर पाहायची गरज नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे प्रमुख झाले, पालापाचोळा, शेण आणि माती थरांत रचून खत करण्याची पद्धत त्यांनी इथेच बसवली आणि ती इंदूर पद्धत म्हणूनच जगात गेली. तिच्यावरचं पुस्तक १९३१ मध्ये आलं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. एका मराठी माणसाच्या नावाशी आणि आपल्या गावाशी जोडलेली ही पद्धत इथल्या प्रत्येक गच्चीवर चालू असावी, असं मला मनापासून वाटतं. ओला कचरा वेगळा करायची सवय तर या शहराला लागलेलीच आहे.

ऊन आणि बाजार

पांढऱ्या-पिवळ्या भागाला उन्हापासून स्वतःला वाचवता येत नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला आणि लू सुरू झाली, की पश्चिमेच्या गॅलरीतली पट्टेदार पानं आधी कडेने तपकिरी होतात. एप्रिलपासून पावसापर्यंत ती पूर्वेच्या बाजूला ठेवा किंवा अर्धं ऊन अडवणारी हिरवी जाळी लावा. अंधारातही ठेवू नका. पांढरा भाग अन्न करत नाही म्हणून हिरव्या भागाला पुरेसा उजेड हवा, नाहीतर झाड उपाशी राहतं. पट्टेदार झाड साध्या झाडापेक्षा सावकाश वाढतं, त्याला पाणी आणि खतही त्याच मानाने कमी. कूपरी जातीच्या जास्वंदीच्या पानांवरचा गुलाबी रंग हिवाळ्यात खुलतो आणि उन्हाळ्यात फिका पडतो. हा थंडीचा परिणाम आहे, त्यासाठी काही करायचं नसतं.

विकत घेताना एका पानावर भाळू नका. खालचं जुनं पान, मधलं आणि नवं उमलतं पान, तिन्हींवर पट्टा आहे का ते पाहा आणि खोड फिरवून त्यावर रेषा आहेत का ते तपासा. मॉन्स्टेराच्या पांढऱ्या ठिगळांच्या अल्बो प्रकाराला जास्त किंमत का पडते, याचं कारण हेच: तो मुख्यतः निवडलेल्या पेराच्या कटिंगने वाढवतात आणि केव्हाही हिरवा पडू शकतो. थाई कॉन्स्टेलेशन हा शिंतोड्यांचा प्रकार ऊतीसंवर्धनाने वाढवतात, त्यामुळे त्याची नक्षी जास्त भरवशाची. पिंक काँगो नावाने गडद गुलाबी पानांचं फिलोडेंड्रॉन विकलं जायचं, त्याचा रंग रसायनाने आणलेला होता आणि काही महिन्यांत झाडं हिरवी झाली. निळ्या किंवा सप्तरंगी गुलाबाचं बी तर कधीच घेऊ नका. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून २००९ मध्ये बाजारात आणलेला 'निळा' गुलाबसुद्धा फिका जांभळा आहे. पाकिटातल्या बियांतून निळा येणार नाही.

बियांबद्दल आणखी एक. गुलबक्षीच्या पट्टेदार पानांच्या झाडावर कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवून दिलं, की हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवी रोपं येतात, पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरी आणि ती मरतात, पट्टेदार फांदीवरच्या बियांतून तिन्ही येतात. परागकण कुठल्या फांदीचा होता याने काही फरक पडत नाही. कारण हरितद्रव्याचे कण रोपाला आईकडून, बीजांडातून मिळतात. म्हणून पट्टेदार झाडाचं बी जपून ठेवायची गरज नाही. गुलबक्षीच्या फुलांवरचे लाल-पिवळे शिंतोडे मात्र वेगळ्या कारणाने येतात, जनुकं पेशीत जागा बदलतात म्हणून, आणि ते बियांतून पुढे जाऊ शकतात. त्या बिया गोळा करून लावाव्यात.

नवी फांदी सापडलीच तर

तुमच्या झाडावर कधीच न पाहिलेली फांदी आली, तर ती लगेच कापू नका. तिला दोरा बांधा, तारीख लिहा, तिच्यावरची निदान आठ-दहा पानं किंवा एक पूर्ण बहर पाहा. मग पट्टा डोळ्यातून जाणाऱ्या पेरांची कटिंगं घ्या. कटिंग घेणं धोक्याचं वाटलं तर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे मुळं येईपर्यंत फांदी झाडावरच सुरक्षित राहते. त्या रोपांवरून पुन्हा कटिंगं, त्यांवरून पुन्हा. तीन पिढ्या पट्टा तसाच आला, तर फांदी स्थिर आहे असं समजायला हरकत नाही. मूळ झाडाचं एक रोप शेजारी ठेवा, फोटोंची तुलना त्याच्याशीच करा.

बोगनवेल असेल तर जगभरातल्या नव्या जातींची नावनोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतच होते. गुलाब, शेवंती अशा झाडांसाठी २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली अर्ज करता येतो. त्यात वाण वेगळं, सारखं आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून वर सांगितलेल्या तीन पिढ्यांच्या नोंदी आणि तारखा जपून ठेवा. आणि नोंद करायचीच असेल तर त्याआधी रोपं कुणाला विकू किंवा वाटू नका, कारण बाजारात गेलेल्या वाणाला नवं म्हणून मान्यता मिळताना अडचण येते.